पण त्याचा उपयोग काय?

कुठल्या छंदाला किती माफी द्यायची, याचा आपल्या मध्यमवर्गात एक अलिखित दर ठरलेला आहे. एखादे गृहस्थ संध्याकाळी पेटी घेऊन बसले तर शेजारी खिडक्या लावून घेतात, पण ‘उपयोग काय?’ असं कुणी विचारत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर गच्चीत वांगी लावतात. माती, खत, कुंड्या आणि कंबरेच्या डॉक्टरची फी धरली तर गेल्या वर्षी त्यांना एक वांगं पावणेदोनशे रुपयांना पडलं. तरी सगळी सोसायटी त्यांचं कौतुक करते. ट्रेकवाल्यांचं तर विचारूच नका. माणूस पहाटे चारला उठतो, घामाघूम होऊन राजगड चढतो आणि संध्याकाळी तोच राजगड उतरून घरी येतो. गड जिथल्या तिथे. मग गेलास कशाला, असं त्याची बायकोसुद्धा विचारत नाही.

मी बँकेतला क्लार्क. शिक्षण बी.कॉम. रात्री जेवणं आटोपली, ओटा आवरला गेला, की मी तास-दीड तास कॉम्प्युटरसमोर बसतो आणि प्रोग्रॅम लिहितो. कुणी मागितलेले नाहीत, कुणी विकत घेणार नाही, बढतीच्या परीक्षेत अर्ध्या मार्काला कामाचे नाहीत, असे प्रोग्रॅम. हे कळल्यावर समोरचा माणूस ठरलेल्या क्रमाने तीन प्रश्न विचारतो. पहिला, ‘पण त्याचा उपयोग काय?’ दुसरा, ‘महिन्याला किती सुटतात?’ आणि या दोन्हींची उत्तरं ऐकून झाली, की थोडं थांबून, आवाज खाली आणून तिसरा, ‘बरं, आमचा प्रिंटर कागद ओढत नाहीये. रविवारी येता का जरा?’

प्रोग्रॅम आणि प्रिंटर यांचा संबंध कीर्तनकार आणि मांडववाला यांच्याइतकाच. कादंबरीकाराला कुणी पेनात शाई भरून द्यायला बोलावत नाही. पण कॉम्प्युटरचा छंद आहे म्हटलं, की घरातली वायर असलेली प्रत्येक वस्तू तुमच्या खात्यावर नावे पडते. एका आत्याबाईंनी मला मिक्सर दाखवला होता.

आता उपयोगाचं सांगतो. गेली कित्येक वर्षं मी अधूनमधून एक प्रोग्रॅम लिहितोय. त्याला आकडा द्यायचा आणि त्याने तो मराठी अक्षरांत लिहून द्यायचा. बस्स. ‘अक्षरी रुपये’ लिहिताना लोकांचे जे हाल होतात ते मी काउंटरच्या आतून रोज बघतो, त्यातून हे खूळ डोक्यात शिरलं. वाटलं होतं, दोन संध्याकाळचं काम.

इंग्रजी भाषा या बाबतीत अगदी कारकुनी वळणाची आहे. एकपासून वीसपर्यंत वीस शब्द, पुढे थर्टी ते नाइंटी सात. सत्तावीस शब्दांच्या भांडवलावर इंग्रज नव्व्याण्णवपर्यंत जाऊन येतो. मराठीत प्रत्येक आकड्याचं स्वतंत्र बिऱ्हाड, स्वतंत्र दार आणि स्वतंत्र घंटी. दोनचंच घ्या. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. ‘बा’ म्हणावं तर ‘ब’, ‘ब’ म्हणावं तर ‘बे’, आणि पुढे गेल्यावर ‘ब्या’. नियम म्हणून सापडतो तो एकटा ‘एकोण’. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असा तो दर दशकाच्या आदल्या दिवशी वक्तशीर हजर होतो. एकोणनव्वदपर्यंत एक खाडा नाही. आपण खूश होऊन नियम लिहून टाकतो आणि नव्व्याण्णवला तोंडावर आपटतो. ‘एकोणशंभर’ का नाही, हे मी एका मराठीच्या प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, ‘बोलत नाहीत तसं.’ भाषाशास्त्रात यापेक्षा वरचं कोर्ट नाही.

त्यातून पुढे व्यवहारातली मराठी. साडेतीनशे, साडेचारशे चालतात, पण साडेदोनशे म्हटलं तर भाजीवालीसुद्धा हसेल, तिथे अडीचशे. साडेएकशे नाही, दीडशे. पाऊणशे म्हणजे पंचाहत्तर, पण पावणेदोनशे म्हणजे एकशे पंचाहत्तर. हे सगळं यंत्राच्या टाळक्यात भरताना मला पहिल्यांदा कळलं, की आपलं सात वर्षांचं पोर शंभर ओळींचा तक्ता डोक्यात वागवत असतं आणि सदुसष्टच्या जागी सत्तावन्न लिहिलं तर आपण त्याचा कान धरतो.

बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आणलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! वर्तमानपत्रांत झाला, विधानसभेत झाला, व्हॉट्सॲपवर तर दिवाळीच. आमच्या बँकेत जेवणाच्या सुट्टीत दोन तट पडले. मी एकटा दोन्हीकडून भांडत होतो. मराठी माणूस म्हणून ‘नव्वद तीन’ मला भातातल्या खड्यासारखं लागत होतं. आणि तो तक्ता स्वतःच्या हाताने भरलेला माणूस म्हणून त्या पोरांचा सुटकेचा निःश्वास मला स्पष्ट ऐकू येत होता. त्या वादात तावातावाने बोलणाऱ्यांपैकी कितीजणांनी एक ते शंभर एकदा तरी नवख्या डोळ्यांनी वाचले होते? मी वाचले होते. कशामुळे? त्या निरुपयोगी प्रोग्रॅममुळे.

दुसरं एक सांगतो, हे खास बँकवाल्यांसाठी. कॉम्प्युटरला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा. बऱ्याचशा भाषांत, तुम्ही काही खबरदारी घेतली नाहीत, तर उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. मी हे आमच्या हेडकॅशिअरना दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘हे वरचे चार कुणाच्या खात्यात?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की यंत्र दोनच अंकांत मोजतं, शून्य आणि एक. आपल्या दशमानात एक-तृतीयांश लिहायला गेलं की ०.३३३३ असं शेपूट संपतच नाही. तसं यंत्राच्या पद्धतीत एक-दशांशाचं शेपूट संपत नाही. मग ते कुठेतरी तोडावं लागतं, आणि तोडलेलं शेपूट असं भलत्या ठिकाणी वळवळतं. म्हणून शहाणा प्रोग्रॅमर पैशाचा हिशेब रुपयांच्या अपूर्णांकात ठेवत नाही. सगळे पैसे करून पूर्णांकात ठेवतो. आमच्या खतावण्यांत रुपये आणि पैसे यांचे रकाने वेगळे असायचे, ते आठवून हेडकॅशिअर म्हणाले, ‘म्हणजे आमचंच बरोबर होतं!’ त्या दिवसापासून माझ्या छंदाला बँकेत एक पाठीराखा मिळाला.

इथवर गंमत झाली. पण या ‘उपयोग काय’वाल्यांशी माझं खरं भांडण वेगळ्याच गोष्टीवरून आहे. बँकेत, कचेरीत, शाळेच्या ऑफिसात, इस्पितळाच्या खिडकीवर एक वाक्य दिवसातून शंभरदा म्हटलं जातं, ‘सिस्टिम घेत नाही.’ हे वाक्य म्हणणारा मोकळा होतो आणि ऐकणारा मान खाली घालून पायऱ्या उतरतो. पूर्वी ‘साहेब सही करत नाहीत’ असं म्हणायची पद्धत होती. त्यात निदान साहेबाला भेटता यायचं. साहेब भेटला नाही तर साहेबाच्या मेव्हण्याला भेटता यायचं. सिस्टिमला मेव्हणा नसतो.

नोव्हेंबर महिना म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा. २०१४ सालापासून हा दाखला यंत्रावर बोटाचा ठसा देऊनही करता येतो. सोय झकास आहे, शंकाच नाही. पण जन्मभर भांडी घासून, धुणी धुऊन ज्यांच्या बोटांवरच्या रेषाच पुसून गेल्या आहेत, अशा एक आजी यंत्रावर अंगठा दाबतात आणि यंत्र म्हणतं, जुळत नाही. पुन्हा दाबतात. जुळत नाही. पदराला पुसून दाबतात. पलीकडच्या काउंटरवरचा तरुण सहकारी, पोरगा वाईट नाही, म्हणतो, ‘आजी, सिस्टिम घेत नाही.’ आजींनी त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘म्हंजे मी न्हाई का रं आता?’

मी कपाटातून कागदी फॉर्म काढला. तो असतोच, चालतोही. आजींनी माझ्यासमोर अंगठा उठवला आणि त्या सरकारदरबारी पुन्हा वर्षभरासाठी जिवंत झाल्या. पण माझ्या डोक्यातून तो प्रश्न गेला नाही. ‘सिस्टिम घेत नाही’ म्हणजे काय? म्हणजे कुठेतरी, कुणीतरी, एका थंडगार खोलीत बसून एक ओळ लिहिली, की ठसा जुळला नाही तर नाही म्हण. ती ओळ लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे त्याचा स्वतःचा गुळगुळीत, तरुण अंगठा होता. आणि ‘नाही म्हटल्यावर पुढे काय’ ही ओळ लिहायची राहिली, किंवा लिहिली असली तर ती सांगायची कुणाला सुचली नाही. ज्याने आयुष्यात वीस ओळींचा का होईना प्रोग्रॅम लिहिलाय, त्याला हे लगेच दिसतं, कारण अशा राहून गेलेल्या ओळी हा त्याचा रोजचा धंदा असतो. ज्याने लिहिलेला नाही, त्याला सिस्टिम ही पाऊस, भूकंप, शनीची साडेसाती यांच्या रांगेतली वस्तू वाटते. आणि साडेसातीशी कोण वाद घालणार? कागदोपत्री ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ एवढ्या एका मात्रेवरून अडलेली माणसं मी पाहिली आहेत. ती निमूट परत जातात. मात्रा बघ म्हणून यंत्राला माणसानेच सांगितलंय, हे त्यांना कुणी सांगत नाही.

याहून मोठं उदाहरण देतो. ३१ मार्च २०१० पर्यंत आपल्या देशात बचत खात्यावरचं व्याज कसं निघायचं? महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर. पद्धत हाताने हिशेब करण्याच्या काळातली. कारकुनाने रोजची शिल्लक मोजायची म्हटली असती तर त्याचं लग्न राहिलं असतं. तोवर ठीक. पण कॉम्प्युटर आले, खतावण्या माळ्यावर गेल्या, रोजची शिल्लक काढणं यंत्राला डाव्या हाताचा मळ झालं, तरी नियम आपला तोच. समजा, एकतीस दिवसांच्या महिन्यात अठ्ठावीस दिवस तुमच्या खात्यात लाख रुपये होते. एकोणतीस तारखेला मुलीच्या लग्नासाठी तुम्ही ते काढले आणि मागे हजार ठेवले. साडेतीन टक्क्यांनी तुम्हाला व्याज मिळायचं हजारावर, म्हणजे दोन रुपये ब्याण्णव पैसे. रोजच्या शिलकीवर काढलं तर तेच होतं दोनशे अडुसष्ट रुपये अठ्ठ्याहत्तर पैसे. आता बँकांच्या शाखांत कॉम्प्युटर आलेलेच आहेत, असं म्हणून रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीचा हिशेब लागू केला. हे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडणारा प्रोग्रॅम दहा ओळींचा आहे. मी तो लिहिला, खेळ म्हणून. दोन रुपये ब्याण्णव आणि दोनशे अडुसष्ट, हे दोन आकडे पडद्यावर एकाखाली एक आले तेव्हा मला ‘नियम’ या शब्दाचा अर्थ समजला. तीन वर्षं कॉमर्स शिकून तो समजला नव्हता.

म्हणून काय सगळ्यांनी प्रोग्रॅम शिकायचे? मुळीच नाही. सगळ्यांनी पेटी शिकावी असं तरी कुठे आहे? पण आळीत एकाला ताप बघता यावा, एकाला फ्यूज बांधता यावा, तसं एकाला तरी ‘सिस्टिम घेत नाही’ला ‘का घेत नाही?’ असं विचारता यावं. आणि विचारणाऱ्याला निदान प्रिंटर दुरुस्त करायला लावू नये.

अलीकडे या मंडळींना एक नवा दारूगोळा मिळालाय. आमचा मेव्हणा, सौ.चा धाकटा भाऊ, परवा म्हणाला, ‘दाजी, आता सोडा हे. एआयला सांगितलं की तो मिनिटात लिहून देतो.’ देतो, खरंच देतो. मी खोटं कशाला बोलू? मी त्याला आकडे अक्षरी लिहायचा प्रोग्रॅम सांगितला, तर त्याने चहा निवायच्या आत लिहून दिला. फक्त एकोणनव्वदच्या जागी हिंदीतला ‘नवासी’ आणून बसवला होता. चूक दाखवल्याबरोबर त्याने इतक्या अदबीने माफी मागितली, की आमच्या बँकेतल्या काही जणांना त्याच्याकडे शिकवणीला पाठवावं. पण ती चूक दाखवली कुणी? ज्याने तो तक्ता रात्री जागून स्वतः भरला होता त्याने.

आणि समजा, उद्या तो एकही चूक करणार नाही. मग काय झालं? हाच मेव्हणा रोज सकाळी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतो. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी छापून येणार असतं, फुकट. तरी हा चहा गार करून ‘आडवा पाचवा’ शब्द शोधत बसतो आणि कुणी सांगायला गेलं तर खेकसतो. पुरणपोळी कोपऱ्यावर विकत मिळते म्हणून त्याच्या सासूबाईंनी होळीला कट काढायचा सोडलेला नाही. मी हे बोललो, तर म्हणाला, ‘ते वेगळं.’ ‘ते वेगळं’ हा मराठी वादविवादातला ब्रह्मास्त्राचा प्रकार आहे. त्याच्यापुढे तर्क चालत नाही.

उपयोगच हवा असेल तर यादी माझ्या खिशात आहे. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं, की मी एक कार्यप्रणाली लिहितोय, नुसता छंद म्हणून, फार मोठी काही होणार नाही. ती लिनक्स. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन तिच्यावर चालतो. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत काहीतरी चाळा हवा म्हणून एक भाषा लिहायला घेतली, ती पायथन. दानिएल स्टेनबर्ग या स्वीडनच्या गृहस्थांना गप्पांच्या खोलीत चलनांचे विनिमय दर दाखवायचे होते, म्हणून त्यांनी दर आणणारा एक छोटा प्रोग्रॅम हाती घेतला. १९९८ साली त्याचं नाव कर्ल झालं आणि आज तो जगभरच्या फोनांत, गाड्यांत, टीव्हींत जाऊन बसलाय. डॉलरचा भाव विचारायला निघालेला माणूस!

आणि २०२४ सालच्या मार्चमधली गोष्ट तर आमच्या हेडकॅशिअरना मी तीनदा सांगितली आहे. फायली दाबून लहान करण्याचा एक्सझेड नावाचा एक प्रोग्रॅम जगभरच्या यंत्रांत आहे, आणि तो वर्षानुवर्षं सांभाळत होता एक माणूस, बिनपगारी, फावल्या वेळात. मदतीच्या मिषाने कुणीतरी हळूहळू त्याचा विश्वास संपादन केला आणि त्यात एक चोरदार बसवलं. ते उघडकीला आणलं आंद्रेस फ्रॉइंड यांनी. नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये, पण सुरक्षा हे त्यांचं खातं नव्हे. यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हा हिशेब काही लागेना, म्हणून ते खणत बसले. पन्नास पैसे जुळत नाहीत म्हणून पूर्वी रात्री नऊपर्यंत सगळ्या शाखेला बसवून ठेवणारे आमचे हेडकॅशिअर हे ऐकून म्हणाले, ‘हा माणूस आपल्यातला.’

पण खरं सांगू? ही यादी मी मेव्हण्याला वाचून दाखवत नाही. कारण ती वाचली म्हणजे उपयोग झाला तरच छंद खरा, हे त्याचं म्हणणं मी मान्य केल्यासारखं होतं. मग तो म्हणणार, ‘दाजी, ते टॉरव्हाल्ड्स झाले. तुम्ही काय केलंत?’ मी एक ते शंभर केलं. आणि दोन रुपये ब्याण्णव पैसे.

त्यापेक्षा मला डोनाल्ड क्नुथ जवळचे वाटतात. हे प्रोग्रॅमिंगमधले महामहोपाध्याय. यांच्या पुस्तकात चूक पहिल्यांदा शोधून देणाऱ्याला ते दोन डॉलर छप्पन सेंटचा चेक पाठवत. छप्पनच का? तर २५६ सेंट म्हणजे सोळाच्या पाढ्यातला एक डॉलर. हे ऐकून ज्याला हसू आलं तो आमच्या पंथातला. लोक तो चेक वटवत नसत, चौकटीत घालून भिंतीवर लावत. पण चेकवरच्या खाते क्रमांकांचा गैरवापर करणारे भामटे निघाले, तेव्हा २००८ साली क्नुथ यांनी खरे चेक बंद केले आणि त्याऐवजी सान सेरिफ या देशातल्या बँकेत बक्षीसपात्र माणसाच्या नावे रक्कम जमा दाखवायला सुरुवात केली. सान सेरिफ हा देश नकाशावर नाही. एका इंग्रजी वर्तमानपत्राने १९७७ च्या एक एप्रिलला तो वाचकांची फिरकी घ्यायला शोधून काढला होता.

मी पंचवीस वर्षं बँकेत आहे. या एकाच बँकेबद्दल सिस्टिम डाउन असल्याची तक्रार माझ्या कानावर आलेली नाही.